संगणक आपला, हात परका

चिपळूण तालुक्यातलं अलोरे राज्याला माहीत आहे ते कोयनेमुळे. घाटमाथ्यावरच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरतं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली जनित्रं फिरवतं, कोळकेवाडी धरणात थांबतं आणि अलोऱ्याजवळच्या तिसऱ्या टप्प्यात आणखी ३२० मेगावॉटचं काम करून वाशिष्ठीला मिळतं. सगळे टप्पे धरून कोयनेची क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट. कोळशाचा संच एकदा थंड पडला की पुन्हा तापायला तासन्‌तास लागतात. पाण्यावरचं जनित्र काही मिनिटांत वीज देऊ लागतं. म्हणून राज्यात विजेची मागणी अचानक उसळली की ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राला आधी कोयना आठवते. कुठे किती वीज हवी, कुठली वाहिनी भरली, कुठला संच थांबवायचा, हा सगळा हिशेब आता संगणकांच्या जाळ्यावर चालतो.

या जाळ्यात कोणी परका येऊन बसला तर काय, हा प्रश्न महाराष्ट्रात चव्हाट्यावर आला तो मुंबईच्या अंधारानंतर. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या भागाची वीज गेली. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, करोनाच्या ऐन काळात रुग्णालयांची धावपळ झाली. साडेचार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. ‘रेडइको’ असं नाव दिलेल्या, चीनशी संबंध असलेल्या गटाने भारताच्या वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांवर आणि दोन बंदरांवर डोळा ठेवल्याचं त्यात म्हटलं होतं. दोनपैकी एक बंदर मुंबईचं. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितलं, की वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन सोडले गेले असावेत आणि परदेशातल्या सर्व्हरवरून हिशेबात न बसणारी आठ जीबी माहिती तिथे आली असावी. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही, असं सांगून टाकलं. वीज जाण्याशी घुसखोरीचा संबंध सिद्ध झालेला नाही, हे खुद्द रेकॉर्डेड फ्युचरनेही मान्य केलं होतं.

अंधाराचं कारण काहीही असो, घुसखोरीचा प्रयत्न झाला हे केंद्रानेही नाकारलं नाही. ऊर्जा मंत्रालयाच्याच निवेदनानुसार, देशाचं वीजजाळं चालवणाऱ्या तेव्हाच्या ‘पोसोको’च्या काही नियंत्रण केंद्रांना ‘शॅडोपॅड’ नावाच्या प्रोग्रॅमचा धोका असल्याची सूचना ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने १९ नोव्हेंबर २०२० रोजी ई-मेलने दिली होती. १२ फेब्रुवारी २०२१ रोजी महत्त्वाच्या माहिती यंत्रणांचं रक्षण करणाऱ्या ‘एनसीआयआयपीसी’ने दुसरी सूचना पाठवली, ती थेट रेडइकोबद्दलची. माहिती बाहेर गेली नाही आणि संशयास्पद पत्ते बंद केले, असं मंत्रालयाने म्हटलं. लक्षात ठेवण्यासारखी बाब ही, की दोन्ही वेळा बातमी बाहेरून आली.

आत बसलेला पाहुणा

शॅडोपॅड ज्या कुळातला आहे त्याला रिमोट ॲक्सेस ट्रोजन, थोडक्यात ‘रॅट’, म्हणतात. साधा व्हायरस एकदा सोडला की आपल्या ठरलेल्या मार्गाने पसरत जातो. रॅटच्या दुसऱ्या टोकाला माणूस बसलेला असतो. तो तुमचा पडदा पाहतो, दाबलेली प्रत्येक कळ नोंदवतो, कॅमेरा आणि माइक चालू करतो, फायली नेतो. आणि फायली आणूनही ठेवतो. हे शेवटचं काम सर्वांत घातक असूनही त्याच्याकडे लोकांचं लक्ष सर्वांत कमी जातं.

अशा प्रोग्रॅमची खरी ताकद त्याच्या संपर्काच्या पद्धतीत आहे. बहुतेक कार्यालयांची फायरवॉल बाहेरून आत येऊ पाहणाऱ्याला अडवते. आतून बाहेर जाणाऱ्याला ती सहसा काही विचारत नाही, कारण कर्मचाऱ्यांना वेबसाइट उघडायच्या असतात, बँकेची कामं करायची असतात. रॅट नेमका हा मोकळा रस्ता धरतो. तो आत आला की स्वतःच बाहेरच्या मालकाशी संपर्क साधतो, तोही वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून, कूटबद्ध स्वरूपात. दारावरच्या पहारेकऱ्याला कर्मचारी बातम्या वाचतो आहे असंच वाटतं.

सुरुवात १९९८ सालची. ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या अमेरिकी हॅकर मंडळींनी विंडोज किती कच्चं आहे हे दाखवायला ‘बॅक ऑरिफिस’ जाहीर केलं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ‘नेटबस’ आलं आणि पाठोपाठ ‘सबसेव्हन’. तेव्हा हा बराचसा पोरखेळ होता. दुसऱ्याच्या संगणकाचा सीडीचा खण उघडझाप करण्यात लोकांना मजा वाटे. पण १९९९ मध्येच लुंड विद्यापीठातल्या कायद्याच्या एका अभ्यासकाच्या संगणकावर बालकांची हजारो अश्लील छायाचित्रं सापडली. त्याची नोकरी गेली, देश सोडावा लागला. छायाचित्रं नेटबसच्या वाटेने दुसऱ्या कोणी आणून ठेवली असणं शक्य आहे, हे मान्य होऊन त्याची निर्दोष सुटका व्हायला २००४ साल उजाडलं.

पुढे सरकारी हेरगिरीने हेच हत्यार उचललं. मार्च २००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ‘घोस्टनेट’ उघडकीला आणलं: १०३ देशांतले १,२९५ संगणक, आणि त्यांत धरमशालेतल्या दलाई लामांच्या कार्यालयाचेही. दुसऱ्या बाजूला खुला बाजार उभा राहिला. ‘ब्लॅकशेड्स’ ४० डॉलरला मिळत होतं. २०१४ साली अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून धाडी घातल्या, तोवर पाच लाखांहून अधिक संगणक त्याने बाधित केले होते. ‘नेटवायर’ वर्गणी घेऊन राजरोस विकलं जाई. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याची वेबसाइट जप्त केली आणि क्रोएशियात एकाला अटक झाली. आज ‘असिंकरॅट’, ‘क्वासार’सारखे प्रोग्रॅम तर फुकट आणि स्रोतासकट उपलब्ध आहेत.

महाराष्ट्रातली प्रकरणं

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरचा ऑगस्ट २०१८ चा दरोडा सहकार क्षेत्र अजून विसरलेलं नाही. ११ ऑगस्टच्या शनिवारी दुपारपासून रात्रीपर्यंत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये निघाले. देशातल्या देशात रुपे कार्डांवरून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी १३ तारखेला बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

यातली कारागिरी समजून घेण्यासारखी आहे. एटीएममध्ये कार्ड घातलं की बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारणा जाते: खात्यात पैसे आहेत का? घुसखोरांनी मध्येच एक खोटा स्विच उभा केला. विचारणा मुख्य यंत्रणेपर्यंत पोचलीच नाही. खोटा स्विच परस्पर ‘द्या’ म्हणत राहिला. बनावट कार्डं घेऊन जगभर माणसं रांगेत उभी होती. एवढी तयारी बाहेरून, एका रात्रीत होत नाही. त्यासाठी बँकेच्या जाळ्यात आधीपासून बसून, कुठला सर्व्हर कोणाशी काय बोलतो हे निवांत पाहावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचं नाव उत्तर कोरियाशी जोडलं. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं, पण ते पैसे काढण्याच्या साखळीतले. पडद्यामागचे हात तिथे पोचलेच नाहीत.

दुसरं प्रकरण घडलं तमिळनाडूत, पण त्याचं उत्तर द्यावं लागलं मुंबईच्या अणुशक्तीनगरातल्या अणुऊर्जा महामंडळाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम प्रकल्पाच्या जाळ्यात ‘डीट्रॅक’ हा रॅट शिरल्याची बातमी फुटली. २९ तारखेला प्रकल्पाने इन्कार केला. ३० तारखेला महामंडळाने कबुली दिली. प्रशासकीय कामासाठी इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात तो सापडला होता, अणुभट्टीच्या नियंत्रण यंत्रणेशी त्या संगणकाचा संबंध नव्हता, आणि सर्ट-इनने ४ सप्टेंबरलाच कळवलं होतं. इथेही बातमी बाहेरूनच आली. बिलं, निविदा, रजा यांचे संगणक वेगळे आणि यंत्रं चालवणारे संगणक वेगळे ठेवण्याचा नियम त्या दिवशी कामाला आला. तरीही प्रशासकीय संगणकात आराखडे असतात, पुरवठादारांची यादी असते, कोण कधी कामावर आहे हेही असतं. पुढच्या हल्ल्याचा शिधा तिथेच मिळतो.

भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणातला वाद वेगळ्या जातीचा आहे. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये आरोपी रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. बचाव पक्षाच्या विनंतीवरून तो तपासणाऱ्या अमेरिकेतल्या ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं, की १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या खात्यावरून आलेल्या ई-मेलमधून त्यात नेटवायर शिरलं, २२ महिने राहिलं आणि पुराव्यातली दहा पत्रं त्याच वाटेने आणून ठेवली गेली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकांबद्दलही या कंपनीने पुढे असेच निष्कर्ष दिले. राष्ट्रीय तपास संस्थेला ते मान्य नाहीत आणि खटला न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे निवाडा न्यायालयच करील. मात्र संगणकात फाइल सापडली म्हणजे ती मालकाचीच, हे गृहीत आता कुठल्याही न्यायालयात सहज टिकणार नाही, एवढी पंचवीस वर्षांपूर्वीच्या लुंडची आठवण या प्रकरणाने करून दिली आहे.

कुठल्या दाराने

घुसखोर येतो तो बहुधा ई-मेलच्या जोडपत्रातून. विंडोज मुळातच फाइलच्या नावातलं शेवटचं शेपूट लपवतं. त्यामुळे ‘निविदा.पीडीएफ.ईएक्सई’ नावाची फाइल पडद्यावर नुसती ‘निविदा.पीडीएफ’ दिसते, आणि चित्रही पीडीएफचंच लावलेलं असतं. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रोज पन्नास कोटेशनं उघडणारा कारकून ती उघडणारच. त्याचं कामच ते आहे. कर्मचाऱ्याला ‘अनोळखी फाइल उघडू नका’ असं बजावणं म्हणूनच अपुरं पडतं. ही लपवाछपवी बंद करण्याचा पर्याय विंडोजच्या फोल्डर सेटिंगमध्ये आहे. अर्ध्या मिनिटाचं काम.

एक्सेल-वर्डमधले मॅक्रो हे वर्षानुवर्षांचं आवडतं दार. इंटरनेटवरून आलेल्या फायलीतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, तेव्हा टोळ्या झिप, आयएसओ आणि शॉर्टकट फायलींकडे वळल्या. मोबाइलवर तेच काम एपीके फायली करतात: आरटीओचं चलन, लग्नाची पत्रिका, बँकेचं केवायसी. व्हॉट्सॲपवर आलेली ‘पत्रिका’ उघडली की फोनचे मेसेज आणि ओटीपी दुसरीकडे जाऊ लागतात. त्याच फोनवर कार्यालयाचा मेल असेल तर प्रकरण घरापुरतं राहत नाही.

चोरीचं सॉफ्टवेअर हे आपल्याकडचं मोठं आणि उघड गुपित. हिशेबाचं ‘क्रॅक’ केलेलं पॅकेज, फुकटात उतरवलेली मराठी टायपिंगची प्रणाली, ‘ॲक्टिव्हेटर’ वापरून जिवंत केलेलं विंडोज. हे बसवताना पहिली सूचना असते, ‘अँटिव्हायरस बंद करा’. ती पाळली की पुढचं सांगायला नको.

आणि मग आहेत रीतसर, कायदेशीर साधनं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर यांच्याशिवाय आज बाजारपेठेतल्या दुकानाचं पान हलत नाही. टॅली अडलं की दुकानदार फोन करतो, पलीकडून विचारणा येते, ‘नंबर सांगा’, आणि माउस आपोआप हलू लागतो. हीच सवय ठगांनी हेरली. ‘बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल’ असे मेसेज २०२२ च्या सुमारास राज्यभर फिरले, महावितरणला वारंवार खुलासे करावे लागले. फोन केला की असंच एखादं ॲप उतरवायला सांगितलं जाई. एनीडेस्कच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ही साधनं ट्रोजन नव्हेत, म्हणूनच अँटिव्हायरस त्यांना हटकत नाही. दहा वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या तंत्रज्ञाने बिनदेखरेख प्रवेशाचा पासवर्ड ठेवून दिलेला असेल, तर घुसखोराला वेगळं काही पाठवायचीही गरज उरत नाही. भर म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं कंपनीने जाहीर केलं.

भिंतीवरचा सीसीटीव्हीही यातून सुटत नाही. एप्रिल २०२२ मध्ये रेकॉर्डेड फ्युचरने उत्तर भारतातल्या सात भार प्रेषण केंद्रांवरच्या पाळतीचा तपशील दिला. त्यात शॅडोपॅडचा संपर्क ज्या यंत्रांमधून फिरवला जात होता ती होती इंटरनेटला उघडी पडलेली डीव्हीआर आणि कॅमेरे. बसवताना दिलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता की काय, असा प्रश्न पडावा अशी यंत्रं आपल्याकडेही गावोगाव लटकलेली आहेत.

पहारेकऱ्याचीच वाट वापरल्याचंही उदाहरण मुंबईतलंच आहे. ‘ईस्कॅन’ हा अँटिव्हायरस आपले अद्ययावत भाग साध्या, कूटबद्ध नसलेल्या मार्गाने मागवत असे. ‘गुप्टीमायनर’ नावाच्या मोहिमेने तो मार्ग मध्येच वळवून मोठ्या संस्थांच्या जाळ्यांत मागची दारं बसवली. ‘अव्हास्ट’च्या संशोधकांनी कळवल्यावर ईस्कॅनने २०२३ मध्ये दुरुस्ती केली आणि एप्रिल २०२४ मध्ये सगळा तपशील जाहीर झाला.

बंदोबस्त

उपायांची बाजारात रेलचेल आहे आणि प्रत्येक विक्रेता आपलंच साधन रामबाण म्हणून पुढे करतो. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी पुण्यात उभं केलेलं ‘क्विक हील’ असो की परदेशी कंपन्या, ओळखीच्या सह्या पाहून चोर पकडणारा जुना अँटिव्हायरस नव्या रॅटपुढे तोकडा पडतो हे सगळेच मान्य करतात. रॅट विकणारे दर काही दिवसांनी त्याचं बाह्यरूप बदलतात. शॅडोपॅडसारखे प्रोग्रॅम तर एखाद्या नामवंत कंपनीच्या सही असलेल्या खऱ्या प्रोग्रॅमच्या आडोशाने चालतात. म्हणून आता भर वागणुकीवर आहे: वर्डची फाइल उघडल्यावर वर्डने आज्ञावलीची खिडकी का उघडली, हिशेबाच्या संगणकाने पहाटे तीनला परदेशी पत्त्याशी काय बोलणं केलं. असं पाहणारी ईडीआर साधनं चांगली आहेत. पण त्यांच्या घंटा ऐकायला माणूस लागतो. वीस संगणकांच्या पतसंस्थेत तो नसतो.

अशा संस्थेने पैसे खर्च करण्याआधी करायची कामं बरीच आहेत. पहिलं, रोजच्या कामाच्या खात्याचे ॲडमिन अधिकार काढून घेणं. कारकुनाच्या खात्यातून शिरलेला रॅट मग कारकुनाइतकंच करू शकतो. अँटिव्हायरस बंद करणं किंवा सगळ्या विंडोजभर मुळं रोवणं त्याला अवघड जातं. संस्थेतल्या सर्व संगणकांना ॲडमिनचा एकच पासवर्ड असण्याची पद्धत तर आधी मोडायला हवी, कारण एक संगणक पडला की मग सगळेच पडतात. दुसरं, कुठले प्रोग्रॅम चालतील याची यादी करून बाकी सर्वांना मज्जाव. बँकेच्या काउंटरवरच्या संगणकाला चार-पाच प्रोग्रॅम पुरतात. तिसरं, दूर-दुरुस्तीचं साधन एकच ठरवणं, ते काम संपल्यावर बंद करणं आणि उरलेली सगळी काढून टाकणं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आजही त्यावर चालणारे आणि इंटरनेटला जोडलेले संगणक आधी मोजायला हवेत.

मग येतो बाहेर जाणारा रस्ता. सर्व्हरला, सीसीटीव्हीला, प्रिंटरला जगभर कुठेही संपर्क साधायची गरज नसते. त्यांना लागणारे मोजके पत्ते मोकळे ठेवून बाकी बंद करणं हे साध्या फायरवॉलवरही जमतं. कुठल्या संगणकाने कुठल्या पत्त्याची चौकशी केली ही डीएनएसची नोंदवही ठेवली, तर रॅटची एक सवय उघडी पडते: तो मालकाला ठरावीक अंतराने हाक देतो, दर साठ सेकंदांनी, दर दहा मिनिटांनी. माणूस इतक्या नेमाने वेबसाइट उघडत नाही.

एखाद्या संगणकाचा संशय आला तर पाहण्याची सोय विंडोजमध्येच आहे. सगळे ब्राउझर बंद करायचे, आज्ञावलीची काळी खिडकी ॲडमिन म्हणून उघडायची आणि ‘नेटस्टॅट -एएनओ’ ही आज्ञा द्यायची. त्या क्षणी चालू असलेल्या संपर्कांची यादी उतरते. शेवटच्या रकान्यात प्रोग्रॅमचा क्रमांक असतो. तोच क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये शोधला की प्रोग्रॅमचं नाव मिळतं आणि तो कुठल्या फोल्डरमधून चालतो हेही. ‘एसव्हीसीहोस्ट’ या विंडोजच्याच प्रोग्रॅमचं खरं घर सिस्टिम३२ फोल्डरमध्ये असतं. त्याच नावाचा प्रोग्रॅम एखाद्या वापरकर्त्याच्या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमधून बाहेर बोलत असेल, तर संशयाला जागा उरत नाही. मायक्रोसॉफ्टचंच ‘ऑटोरन्स’ हे फुकट साधन संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टी समोर मांडतं. निष्णात घुसखोर या दोन्ही तपासण्यांना चकवू शकतो. बाजारातले स्वस्त रॅट मात्र बहुधा इथे सापडतात.

सापडल्यावर जे होतं ते अनेकदा सापडण्याआधीपेक्षा वाईट असतं. घाबरून संगणक फॉरमॅट केला जातो आणि पुराव्यासकट प्रश्नाचं उत्तरही पुसलं जातं. आधी नेटवर्कची वायर काढावी, वाय-फाय बंद करावं, पण संगणक चालू ठेवावा; रॅटचा बराचसा भाग मेमरीतच असतो. पासवर्ड बदलावेत ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन. न्यायालयात जायचं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही, नोंदवावं लागतं. म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत आधी, साफसफाई नंतर.

बॅकअपबद्दल चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि संगणकाशेजारच्याच कपाटातली बॅकअपची डिस्क संगणकाबरोबरच बुडाली तर काय होतं, हे गावाने पाहिलं. रॅटच्या बाबतीत आणखी एक अट जोडायला हवी: बॅकअप संगणकाला कायम जोडलेला नसावा. आतला घुसखोर खंडणीचा प्रोग्रॅम सोडण्याआधी बॅकअपच शोधून नष्ट करतो.

त्याच पुराने दुसराही मुद्दा समोर आणला. कोळकेवाडीतून किती पाणी कधी सोडलं, यावरून चिपळुणात बराच काळ वाद चालला. अशा वादाचा निकाल नोंदींवर लागतो. नोंदी संगणकात असतील आणि त्या बदलता येत असतील, तर भरवसा कशाचा धरायचा? फाइल चोरीला गेली की निदान गेल्याचं कधी तरी कळतं. आतला आकडा बदलला तर तेही कळत नाही. म्हणून धरण, वीजगृह, पाणीपुरवठा अशा ठिकाणी नोंदींची प्रत त्याच क्षणी दुसऱ्या, फक्त लिहिता येईल पण पुसता येणार नाही अशा यंत्रावर जायला हवी.

तुटलेलं जाळं आणि जोडलेला लॅपटॉप

वीजक्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक संस्थेत जबाबदार माहिती सुरक्षा अधिकारी, कार्यालयीन जाळं आणि यंत्रांचं जाळं वेगळं, उपकरणं विश्वासार्ह पुरवठादारांकडून, असा त्याचा सांगाडा आहे. कागदावर तो भक्कम दिसतो. अडचण येते ती दुरुस्तीच्या दिवशी. जनित्राच्या नियंत्रकाला नवा प्रोग्रॅम हवा असतो, पुरवठादाराचा अभियंता आपला लॅपटॉप घेऊन येतो आणि काल दुसऱ्या कारखान्याला लावलेली वायर आज इथे लावतो. वेगळ्या ठेवलेल्या जाळ्यात घुसखोर शिरतो तो अशा वेळी. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी लॅपटॉप संस्थेचाच देतात आणि पेनड्राइव्ह आधी वेगळ्या संगणकावर तपासतात. काही जण माहिती एकाच दिशेने जाऊ देणारी ‘डेटा डायोड’ नावाची यंत्रं बसवतात; त्यातून यंत्रांचे आकडे बाहेर जातात, आत मात्र काहीच येत नाही.

हे सगळं करूनही घुसखोर आत आला तर पुढे काय, याचं उत्तर पश्चिम युक्रेनमध्ये मिळालं. २३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी इव्हानो-फ्रांकिव्हस्कच्या वीज कंपनीतल्या ऑपरेटरच्या पडद्यावरचा माउस आपोआप हलू लागला आणि एकेक ब्रेकर उघडत गेला. ऑपरेटर माउस ओढत राहिला, पण दाद लागेना. थोड्याच वेळात त्याला यंत्रणेतून बाहेर काढून पासवर्ड बदलला गेला. तीन कंपन्यांच्या सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. सुरुवात कित्येक महिने आधी, ई-मेलमधल्या ऑफिस फायलींच्या मॅक्रोपासून झाली होती. वीज मात्र काही तासांतच परतली, कारण कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी ब्रेकर हाताने जोडले. उपकेंद्रं जुन्या धाटणीची होती आणि हाताने चालवणारी माणसं कामावर होती.

कोयनेत पहिली वीज १९६२ साली निर्माण झाली. संगणकाच्या पडद्याशिवाय जनित्र चालवण्याची कला तिथे संगणकाच्या आधीपासून आहे. ती शिकलेली पिढी निवृत्त होत चालली आहे आणि नव्या अभियंत्यांची नोकरीच पडद्यासमोर सुरू होते. पडदा विश्वासाचा उरला नाही असं समजून संच हाताने थांबवण्याचा आणि पुन्हा सुरू करण्याचा सराव वर्षातून किती वेळा होतो, तो कोण घेतो आणि त्याला किती मिनिटं लागली याची नोंद कुठे राहते, हे प्रश्न वीजगृहाच्या सायबर तपासणीत फायरवॉलच्या प्रश्नांच्याच रांगेत असायला हवेत. पतसंस्थेच्या काउंटरलाही तोच निकष लावता येतो: संगणक दोन दिवस बंद ठेवावे लागले, तर ठेवीदाराला पासबुक आणि खातेवहीच्या आधारावर पैसे देता येतील का?